अण्णांच्या निरोपवह्या

मे महिन्यात दापोलीचं घर आवरायला गेले होते. आई आता पुण्याला माझ्याकडे राहणार, म्हणजे पाऊस लागायच्या आत कपाटं रिकामी करणं भाग होतं. अण्णांच्या कपाटात जे निघालं ते बरंचसं ओळखीचं होतं. कातडी पेटीतला, तारेचं इन्सुलेशन तपासायचा मेगर, मूठ झिजलेली पक्कड, वर्तमानपत्रात गुंडाळलेला हायड्रोमीटर, तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी. सगळ्यात खालच्या कप्प्यात मेणकापडात बांधलेल्या अकरा वह्या होत्या. या वह्या लहानपणी रोज डोळ्यांसमोर असायच्या, पण अण्णांनी त्या इतकी वर्षं जपल्या असतील असं वाटलं नव्हतं.

लांबट, दोनशे पानी, वाण्याकडे उधारीच्या असतात तशा वह्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने. तारीख, वेळ, कोणाकडून, कोणाला, निरोप, आणि शेवटी ‘पोचला’. त्या शेवटच्या रकान्यात वेळ आणि लाल पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण.

माझे वडील टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. १९७२ ला लागले आणि २००८ ला निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. वह्या सापडल्या आणि ती अडचण सुटली.

आमचं मूळ गाव आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे. आता पूल आहे, पण अण्णांच्या लहानपणी तरीतून खाडी ओलांडावी लागे. भाताची थोडी शेती, नाचणी, आंब्याची सात झाडं, आणि घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. वाडीत बी.एस्सी. झालेले अण्णा पहिले. रत्नागिरीच्या गोगटे कॉलेजात शिकले, सुट्टीत नांगर धरला. पोस्ट आणि तार तेव्हा एकच खातं होतं. त्यात इंजिनिअरिंग सुपरवायझर म्हणून निवड झाली, जबलपूरला ट्रेनिंग झालं आणि पहिली नेमणूक मुंबईत मिळाली.

मुंबईतल्या एक्स्चेंजबद्दल, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या केंद्राबद्दल, ते आम्हाला गोष्ट सांगावी तसं सांगायचे. ती स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजं. तबकडीवर कोणी ५ फिरवला की तारेतून पाच झटके येणार आणि इकडे मांडणीतला एक दांडा खट्‌खट् करत पाच पायऱ्या वर चढणार. शून्याला दहा पायऱ्या. अशा हजारो दांड्यांची हॉलभर मांडणी. सकाळी दहाला बाजार उघडला की कौलांवर वळवाचा पाऊस पडावा तसा आवाज, आणि रात्री तीनला मध्येच कुठेतरी एकच दांडा चढायचा. “इतक्या रात्री कोण कोणाला बोलवतंय, बरं असू दे,” असं त्यांच्या मनात यायचं. रात्रपाळीला माणूस एकटा असतो, तेव्हा त्या एका खटखटीने जीव चरकायचा, असं ते म्हणत.

आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेत अंत्यविधीची व्यवस्था करणारा माणूस. त्याच्या गावात फोन जोडून देणारी बाई त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाची नातेवाईक होती आणि त्याच्याकडे येणारे फोन ती तिकडे वळवते असा त्याला संशय आला, अशी गोष्ट सांगतात. मध्ये माणूसच नको, म्हणून त्याने आपोआप जोडणारं यंत्र केलं. १८९१ साली पेटंट मिळालं. अण्णांना ही गोष्ट फार आवडायची, पण तिचा अर्थ ते स्वतःचा लावायचे. ते म्हणायचे, “यंत्र झालं ते चांगलंच झालं. पण मुळात ती बाई सरळ असती तर त्या माणसाला एवढा खटाटोप का करावा लागला असता?” तारेच्या मध्ये बसलेल्या माणसाने कुणाचा निरोप आधी, कुणाचा नंतर हे आपल्या मर्जीने ठरवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. त्याची किंमत पुढे आमच्या घराने मोजली. ते सांगते.

१९७९ मध्ये आजीला अर्धांगवायूचा झटका आला. अण्णांनी मुंबई सोडून दापोली मागून घेतली. बरोबरचे लोक मुंबईत राहून वर गेले, काही तर १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम झालं तेव्हा तिकडे चांगल्या जागांवर बसले. अण्णांना त्याची खंत असलीच तर आम्हाला कधी दिसली नाही. एक्स्चेंजच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. आजी बाहेरच्या खोलीत पलंगावर, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आम्ही दोघं भावंडं, आणि भिंतीतल्या कोनाड्यात खात्याचा काळा फोन.

त्या फोनमुळे वह्या सुरू झाल्या.

गावागावांत तेव्हा फोन नव्हते. मुंबईहून गावी बोलायचं म्हणजे ऑपरेटरकडे नंबर लावून ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट किंवा सगळ्यात तातडीचा लाइटनिंग. अमुकच माणूस फोनवर आला तर पैसे पडावेत अशी सोय हवी असेल तर पीपी कॉल. पण खेड्यातल्या माणसाला फोनपर्यंत आणणार कोण? तार पाठवावी तर तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, असंच लोक धरून चालत. पोस्टमन अंगणात दिसला की पाकीट उघडायच्या आधीच बायका रडायला लागत. मग चाकरमान्यांनी तोंडातोंडी अण्णांचा नंबर धरला. अण्णांनी एक नियम केला. खात्याच्या फोनवरून बाहेर खासगी फोन करायचा नाही, आलेला निरोप मात्र घ्यायचा आणि पोचवायचा.

पहिली वही जानेवारी १९८२ मध्ये सुरू होते. त्या महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. वहीच्या सुरुवातीच्या पानांत आजारपण, लग्नाची बोलणी, गाय व्याली का अशी विचारपूस आहे. मार्चपासून निरोप बदलत जातात. ‘या महिन्याला मनीऑर्डर नाही. दुकानवाल्याला थांबायला सांगा.’ ‘धाकट्या दोघांना एसटीत बसवून देतो, खेडला उतरवून घ्या.’ ‘भांडी विकू नका, मी येतो.’ ‘पेरणीला मीच येतोय, बैल सांगून ठेवा.’ सगळे अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात, आणि प्रत्येकापुढे लाल खूण. सांगितलेलं असेल तेवढंच लिहिलेलं. स्वतःचा एक शब्द नाही. संपावर पुढे खूप वाचलं मी, पण दापोली तालुक्यातल्या चुलीपर्यंत तो कसा आला हे मला या पानांत दिसलं.

निरोप पोचवायचं कामही ठरलेलं होतं. जवळच्या वाड्यांना अण्णा संध्याकाळी सायकलवर जात. लांबचे निरोप लाइनमनकाका लाइन बघायला जाताना नेत. हर्णै, मुरुड, केळशी बाजूचे निरोप एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठीवर. चिठ्ठी पोचल्याचं कंडक्टर परतीच्या फेरीला सांगेपर्यंत खूण होत नसे. अर्जंट असेल तर आई शाळेत जाताना वाट वाकडी करून सांगून जायची. पीपी कॉल येणार असेल तर माणसाला आमच्याकडे बोलवावं लागे. मग ती माणसं दोन-दोन तास आमच्या ओटीवर बसायची, आजीशी गप्पा मारायची. आजीला बोलता यायचं नाही नीट, पण तिला माणसं मिळाली. तिचं दुखणं त्या ओटीवरच्या वर्दळीने हलकं झालं असं आई अजून म्हणते.

एक्स्चेंजचं काम आमच्या घरात मिसळलेलं होतं. बॅटरी रूममध्ये दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने मांडलेले, मिळून ४८ व्होल्ट. दर आठवड्याला त्यांत डिस्टिल्ड पाणी घालायचं, हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता मोजायची. सुट्टीच्या दिवशी मी आकडे वाचायचे, अण्णा लिहायचे. त्यांच्या प्रत्येक पँटला गुडघ्यापाशी ॲसिडची बारीक भोकं असायची आणि आई ती त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू करायची. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. मी आठवीत असताना विचारलं, असं उलटं का? ते खूश झाले. तारेत ओल शिरली की विजेच्या प्रवाहाने तांबं झिजतं, पण तार ऋण बाजूला ठेवली की तांबं तग धरतं, असं त्यांनी खडूने फरशीवर आकृती काढून समजावलं. “पाऊस आपल्या हातात नाही. तार कुठल्या बाजूला ठेवायची ते आपल्या हातात आहे.”

कोकणात आणखी एक पंचाईत असते, अर्थिंगची. खाली जांभा दगड. उन्हाळ्यात तो वाळून कोरडा ठणठणीत होतो आणि जमीन वीज घ्यायला तयार होत नाही. मग पावसाच्या तोंडाला वीज कडाडली की एक्स्चेंजमधली कार्डं जळणार. अण्णांनी एक्स्चेंजमागे खोल खड्डा खणून घेतला, पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात रोज दोन कळश्या पाणी घालायचं काम माझं आणि भावाचं. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असायचं, तरी त्या दोन कळश्या चुकल्या नाहीत. आईने एकदाच म्हटलं होतं, की या खड्ड्याला पाणी आहे आणि माझ्या मोगऱ्याला नाही. दुसऱ्या दिवसापासून अण्णा आंघोळीचं पाणी बादलीत साठवून मोगऱ्याला घालू लागले.

फॉल्ट शोधण्याची त्यांची एक रीत होती. लाइन बंद पडली की टोकापासून चालत सुटायचं नाही. सरळ मध्यावर जायचं, तिथे तपासायचं. फॉल्ट अलीकडे की पलीकडे ते कळलं की उरलेल्या अर्ध्याचा मध्य गाठायचा. तीस किलोमीटरच्या लाइनवर चार-पाच ठिकाणी खांबावर चढलं की जागा सापडते. माझं गणित चुकलं तरी ते म्हणत, “अर्ध्यावर जा. तिथपर्यंत बरोबर आहे का बघ.” मी आज बँकेत हिशेब न जुळल्यावर तेच करते.

प्रवासात मात्र त्यांच्याबरोबर बोलायची सोय नव्हती. एसटीत खिडकीची जागा त्यांचीच, आणि मान सतत वर. खांब कुठे कलला, इन्सुलेटर कुठे फुटला, कुठली फांदी तारेला लागतेय. मामाच्या गावाला जातानाही तेच. वहीच्या मागच्या पानावर खांबांचे नंबर टिपलेले आहेत.

आता १९८७ चा जुलै.

त्या वर्षी दोन दिवस न थांबता पाऊस कोसळला आणि खेड-दापोली रस्त्यावर झाड पडून लाइन तुटली. ट्रंक बंद. तारसुद्धा त्याच खांबांवरून यायची, तीही बंद. अण्णा चार लाइनमन घेऊन आदल्या रात्रीच गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास जोड पूर्ण झाला. खांबाखाली उभं राहून टेस्टचा फोन तारेला लावून त्यांनी खेडच्या ऑपरेटरला हाक दिली. आवाज स्वच्छ आला. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, तुमच्या घरासाठी साताऱ्याहून पीपी कॉल आहे, सकाळपासून बुक झालाय. आधी तोच लावू का?”

अण्णांनी विचारलं, त्याच्या पुढे किती आहेत. एकोणीस होते.

“नंबराने लावा,” अण्णा म्हणाले.

घरी आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल. मी अकरा वर्षांची होते, दारात उभी. पावणेआठला फोन वाजला. मामा होता. आईचे वडील अत्यवस्थ होते, हातात फार तर रात्र आहे असं डॉक्टर म्हणाले होते. साडेसहाची चिपळूण गाडी निघून गेली होती. त्या दिवसात ती शेवटची. आई पहाटेच्या गाडीने निघाली, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड करत संध्याकाळी साताऱ्याला पोचली. आजोबा पहाटेच गेले होते. दुपारी सगळं आटोपलं होतं.

आई त्या रात्री काही बोलली नाही. ती बॅग भरत होती आणि अण्णा तिच्या मागे ओल्या कपड्यांत उभे होते. ऑपरेटर काय म्हणाला ते अण्णांनी स्वतःच तिला सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिने ऐकलं, बॅगेचं कुलूप लावलं आणि विचारलं, “काय काम आहे एवढं तरी विचारलंत का?”

नव्हतं विचारलं.

या प्रश्नावर मी पुढे वर्षानुवर्षं अण्णांशी मनातल्या मनात भांडले. रांगेत पुढे असलेल्या एकोणीस जणांच्या घरीही कोणी आजारी असेल, हे मला कळतं. ओळखीच्या माणसाला आधी जोडून देणारा ऑपरेटर त्यांनी स्वतः कधी खपवून घेतला नाही, हेही कळतं. माझ्या सख्ख्या काकांचा फोनसाठी अर्ज चार वर्षं रांगेत होता. अण्णांनी एक शब्द टाकला असता तर आधी मिळाला असता. त्यांनी टाकला नाही, आणि काका दोन गणपती आमच्याकडे आले नाहीत. हे सगळं धरूनही मला वाटतं, अण्णा त्या दिवशी चुकले. रांग मोडू नये, बरोबर. पण विचारायला एक वाक्य लागतं. निरोप काय आहे हे ऐकून घेणं हेच तर त्यांचं काम होतं, आणि त्या दिवशी त्यांनी फक्त आपल्या घराच्या बाबतीत ते केलं नाही.

त्यानंतर जे झालं ते भराभर सांगते, कारण त्याचा मोठा भाग इतरत्र वाचायला मिळतो. दिल्लीला १९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था सुरू झाली होती आणि तिथल्या मुलांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलित खोली लागत नाही, धूळ-उकाडा चालतो. पहिलं जुलै १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. आपल्या भागात तसं एक्स्चेंज आलं तेव्हा अण्णा नवं वासरू बघायला जावं तसे रोज जाऊन बघत. एका घराच्या भाड्याच्या खोलीत ते कपाटाएवढं यंत्र बसवलं. उद्घाटनाला सरपंचांनी तालुक्याला फोन लावायचं ठरवलं होतं. अण्णांनी विनंती केली की पहिला फोन बाहेरून येऊ दे, परळला गावच्या मंडळाच्या खोलीवरून. “घंटा गावात वाजली पाहिजे,” एवढंच कारण दिलं. ती वाजली तेव्हा उचलायला कोणी पुढे होईना, सगळे नुसते ऐकत राहिले.

मग एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची सोय आली, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, रात्रीच्या स्वस्त दरासाठी रांगा लागल्या. वह्यांतले निरोप विरळ झाले. १९९६ नंतर दोन-दोन महिन्यांत एखादी नोंद. पन्नाशी ओलांडल्यावर अण्णा ऑप्टिकल फायबर जोडायला शिकले. १२५ मायक्रॉनची काचेची तार, दोन टोकं भिंगाखाली समोरासमोर आणून ठिणगीने वितळवायची. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणत, हात थरथरला नाही पाहिजे, बाकी सगळं मशीन करतं. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं भारत संचार निगम झालं. दापोलीत एव्हाना आम्ही स्वतःचं घर बांधलं होतं. त्यात कोनाडा नव्हता, पण फोनखाली वही होती.

निवृत्तीनंतर ते गावच्या नळपाणी योजनेत अडकले ते शेवटपर्यंत. पाइप जमिनीखाली, गळती कुठे आहे कळेना. अण्णांनी लाइन मध्यावर व्हॉल्व्ह घालून तोडली, मग अर्ध्याची अर्धी. शेवटच्या पन्नास फुटांत लोखंडी सळई जमिनीत रोवून वरचं टोक कानाला लावून बसले. पाण्याचा झरझर आवाज ऐकू आला तिथे खणलं. वाडीतल्या चार पोरांना हे शिकवून ठेवलं. त्यांतला एक आता पंपाचं सगळं बघतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मी पुण्यात, भाऊ नवी मुंबईत, दोघंही लॉकडाऊनमध्ये अडकलेले. दुपारी आईशी बोलले तेव्हा मागे वाऱ्याचा जो आवाज येत होता तो मी कधी विसरणार नाही. मग फोन गेला. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, मग जनरेटर, मग डिझेल, आणि डिझेल न्यायला रस्ता नाही कारण रस्त्यावर झाडंच झाडं. हे मला तेव्हा कळत होतं, कारण अण्णांची मुलगी आहे. कळून उपयोग नव्हता. दोन दिवस, तीन दिवस. आंजर्ले, केळशी, हर्णै इथले उडालेल्या छपरांचे फोटो येत होते, आमच्या घराचं काही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबर वाजला. “मी बोलतोय. आम्ही दोघं ठीक. पडवीचे पत्रे गेले. मोठा फणस पडला, घरावर नाही पडला. आईला बीपीची गोळी पंधरा दिवस पुरेल. तू दादाला सांग. ठेवतो, मागे माणसं आहेत.” पूर्ण अर्धं मिनिटसुद्धा नाही.

बहात्तर वर्षांचे अण्णा शेजारच्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, वाटेतली झाडं तोडून केलेल्या फटींतून, रेंज येते अशा जागेपर्यंत खेडच्या दिशेने गेले होते. आदल्या दोन दिवसांत त्यांनी वाडीवाडीतून निरोप लिहून घेतले होते. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी शाबूत होती, तिच्यावर लोकांचे फोन चार्ज करून दिले होते, म्हणजे नंबर तरी काढता यावेत. पुढचे नऊ दिवस ते रोज जात राहिले. मुंबईत करोनाने धास्तावलेल्या चाकरमान्यांना गावाकडची खबर द्यायची, त्यांची खबर घेऊन परत यायचं, संध्याकाळी वाड्यांत सांगायची. त्यांच्या वयाला हे झेपणारं नव्हतं. आई त्यांना रोज जाताना डबा देत होती आणि रोज भांडत होती.

अकरावी वही ती. चौदा पानं भरलेली. ‘घर उभं आहे, गोठा गेला.’ ‘सुपारीची बाग पूर्ण आडवी. बापाला हे एकदम सांगू नका.’ ‘मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.’ ‘मुंबईहून यायची घाई करू नका, खायला आहे.’ एकूण दोनशे अकरा निरोप, सगळ्यांपुढे खूण. कपाटासमोर बसून मी पहिलं पान उघडलं. पहिली ओळ आमची होती. ‘घरचा. मुलीला, पुणे. दोघं ठीक.’

मी लगेच १९८७ ची वही शोधली. जुलैचं पान. इतर नोंदींसारखीच नोंद, तारीख, सातारा, मेहुण्याकडून, तिला. निरोपाच्या रकान्यात: ‘वडील अत्यवस्थ. लगेच निघा. उशीर माझ्यामुळे.’ शेवटचा रकाना मोकळा. वेळही नाही, खूणही नाही. अकरा वह्यांत मी नंतर पान-पान बघितलं. मोकळा सोडलेला तो एकच रकाना.

आई स्वयंपाकघरात बरण्या पुसत होती. तिला दाखवावं की नाही हे मला ठरवता येईना, मग दाखवलं. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरून तिसऱ्यांदा वाचली.

“तेराव्याला आले होते ते साताऱ्याला,” आई म्हणाली. “मला परत न्यायला. येताना घाटात मला खिडकीची जागा दिली. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हटलं दमले असतील. पण कराडपासून घरापर्यंत त्यांनी एकदासुद्धा खांबांकडे मान वर केली नाही. सबंध रस्ता खाली बघत बसले होते. तिथेच गेला गं माझा राग, कुंभार्लीच्या वळणावर.”

वही मिटून तिने माझ्या हातात दिली.

“त्यांना सांगायचं राहिलं.”